रखमादादांची बारी

आमच्या गायन पार्टीत नियम फार. कोल्हारच्या ग्रामपंचायतीत नसतील एवढे. आणि ते सगळे एकाच माणसाने केलेले, रखमाजींनी. आम्ही त्यांना रखमादादा म्हणतो. तीस वर्षं ते शुगर फॅक्टरीत फिटर होते. रिटायर झाले आणि तिथली सगळी शिस्त आणून आमच्या डोक्यावर बसवली.

ज्याने गाणं उचललं, गाणं त्याचं. त्या दिवशी ते दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही, मग तुमच्या बापाने का लिहिलेलं असेना. कोरसने धृपद धरायचं, अंतऱ्यात तोंड घालायचं नाही. गाणारा शब्द विसरला तर धृपद घोळवत राहायचं, त्याचं त्याला आठवेपर्यंत, पण शब्द पुरवायचा नाही. तो चुकीचं गायला तर कोरसनेही चुकीचंच गायचं. कल्याणने पेटीवर आपली करामत दाखवायची ती गाणारा त्याच्याकडे बघेल तेव्हाच. दुसऱ्याचं गाणं चालू असताना मोबाईलमध्ये आपलं गाणं शोधायचं नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बारीचा नियम. बारी मागायची नाही, घ्यायची तर नाहीच नाही. गाणं संपलं की गाणाऱ्याने उजवा तळवा ज्याच्याकडे करायचा, पुढची बारी त्याची. तळवा फिरला नाही तर बारी अजून त्याचीच. त्याने लागोपाठ पाच गाणी म्हटली तरी आपण टाळ्या द्यायच्या.

हसू येतं, पण या नियमांमुळेच पार्टी टिकली. बाकीच्या पार्ट्यांत माईकवरून मारामाऱ्या होतात, एक पार्टी तर पोलीस स्टेशनात फुटली. आम्ही एकवीस वर्षं एकत्र गातो. जलदान विधी असो, जयंती असो, लग्न असो, नेवाशापासून अकोल्यापर्यंत लोक आम्हाला बोलावतात. म्हणजे बोलवायचे.

मी आरती. शाळेत खिचडी शिजवते आणि पार्टीत रखमादादांच्या उजव्या हाताला बसते. माझा आवाज चांगला आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण दादांनी ते कधी सांगितलं नाही. पेटी लागायची त्यांच्या पट्टीत, काळी एकला. बाईच्या गळ्याला ती पट्टी म्हणजे खाली गेलं तर आवाज विहिरीत आणि वर गेलं तर किंचाळी. "दादा, माझ्या गाण्यापुरती तरी पट्टी बदला," असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "आरते, घर एकाचं आसतं. पाव्हण्यानं भिंती हलवायच्या नसत्यात." वीस वर्षं घरात राहून मी पाहुणीच.

गेल्या वर्षी अकोल्याकडच्या एका गावात कार्यक्रम होता. दादा तिसऱ्या अंतऱ्यात अडकले. आम्ही धृपद घोळवलं, एकदा, दोनदा, सहा वेळा. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला ते बघवेना. मी माईककडे वाकले आणि ओळ म्हणून टाकली, सुरात, जागच्या जागी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एक म्हातारी तर उठून शंभराची नोट घेऊन आली. दादांनी हात वर करून पेटी थांबवायला लावली. भरल्या मांडवात, माईकवर म्हणाले, "बाई, पंगतीत दुसऱ्याच्या ताटातला घास उचलत्यात व्हय?" मांडव हसला. मीही हसले, कारण चारचौघांत रडता येत नाही.

त्यानंतर सहा महिने त्यांचा तळवा माझ्याकडे वळला नाही. मी कोरसमध्ये मान खाली घालून धृपद धरत राहिले. आणि मनाशी ठरवलं, रखमाजी, आता तुमच्या तोंडातून प्राण जात असला तरी मी तोंड उघडणार नाही. माणूस रागात असं काहीबाही ठरवतो. सगळ्यांचं ठरवलेलं खरं होत नाही, एवढंच.

या फेब्रुवारीत सोनईजवळच्या आप्पासाहेबांची आई वारली. जलदान विधीला आम्हाला बोलावणं आलं. सकाळी साडेसहाला जीपने निघालो. दादा पुढे बसले होते, ठणठणीत. राहुरीत चहा झाला तेव्हा सहादेवला, आमच्या ढोलकीवाल्याला, ढोलकीची वादी सैल आहे म्हणून झापत होते. दादांची तब्येत ठीक आहे हे आम्ही त्यांच्या शिव्यांवरून ओळखायचो.

मांडवात नेहमीप्रमाणे बसलो. मधे दादा, हातात खंजिरी. त्यांच्या डाव्या हाताला सहादेव, त्याच्या पलीकडे कल्याण पेटीवर. उजव्या हाताला मी. मागे कोरसच्या तिघी. त्यांचं उजवं अंग मला दिसायचं, पार्टीतल्या बाकी सगळ्यांना डावं किंवा पाठ. ही बसायची पद्धतही त्यांचीच.

आप्पासाहेब माईकवर आले आणि म्हणाले, "आता साडेनऊ झालेत. भन्तेजी अकरापर्यंत येतील, तोवर पार्टीनं गाणी चालू ठेवावीत." म्हणून मला वेळ नक्की आठवते. ते खाली उतरले आणि दादांनी त्यांचं स्वतःचं गाणं उचललं, आई गेल्यावर म्हणायचं.

"गेली माय उजेड ठेवून, अंधार घेऊन गेली."

पहिला अंतरा नीट झाला. दुसऱ्याच्या आधी खंजिरी वाजायची बंद झाली. मी बघितलं तर त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता, पालथा, बोटं जराशी वाकलेली. खंजिरी डाव्या हातात तशीच उभी होती. त्यांनी हाताकडे असं बघितलं, जसं कुणी आपल्या जागेवर बसलेल्या परक्याकडे बघतं. मग गायले, "गेली माय अंधार ठेवून, उजेड घेऊन गेली."

नियम म्हणजे नियम. कोरसने तसंच धरलं, अंधार ठेवून, उजेड घेऊन. मांडवात कुणीतरी "वा!" म्हणालं. आप्पासाहेबांच्या बहिणी पदराने डोळे पुसायला लागल्या. लोकांना वाटलं, दुःखात गायकाने जागच्या जागी ओळ फिरवली. दादा पुन्हा तेच गायले, आणि पुन्हा तेच. जीभ जड होती. कल्याण पेटीवर मान घालून डोलत होता.

गाणं संपलं. आम्ही तळव्याची वाट बघितली. तळवा उठला नाही. दादांनी समोर बघत दुसरं गाणं सुरू केलं. ते संपलं, तळवा नाही. तिसरं. मागून कोरसमधली एक कुजबुजली, "आज म्हाताऱ्याचं पोट भरत न्हाई वाटतं." सहादेवनेही तोंड वाकडं केलं. त्याचं एक गाणं असायचं, त्याची बायको मुद्दाम ऐकायला आली होती.

बारी द्यायची नाही म्हणून ते देत नाहीत, असं सगळ्यांना वाटलं. मला तसं वाटलं नाही, कारण तो हात मी बघत होते. तो उठतच नव्हता.

सव्वादहाला चहा आला. दादांनी डाव्या हाताने कप धरला. घोट घेतला तसा उजव्या कोपऱ्यातून चहा ओघळून सदऱ्यावर आला. मी हळूच म्हणाले, "दादा, बरं न्हाई का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक भुवई चढलेली, दुसरी जागच्या जागी. डावा हात झटकला, गप बस म्हणून.

आता खरं सांगते. तेव्हा मी उठून कल्याणला सांगू शकले असते. आप्पासाहेबांची गाडी मांडवाबाहेर उभी होती, रस्त्याला लागलं की तासाभरात नगर. हे सगळं मला त्या क्षणी सुचलं, सुचलं नाही असं नाही. पण त्या झटकलेल्या हाताने माझ्या आत काहीतरी पेटलं. मी मनात म्हटलं, बसते गप. तुमचीच शिकवण आहे. गा, चुकीचं गा, सगळ्या मांडवाला कळू दे की रखमाजी संपला. एकदा तुमचीही फजिती होऊ दे.

अकराला भन्तेजी आले. त्रिशरण सुरू झालं तसे सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मी मिटले नाहीत. दादांचा डावा हात छातीशी उभा होता, जोडायला दुसरा हात नव्हता. ओठ हलत होते, त्यातून येत होतं ते पाली नव्हतं आणि मराठीही नव्हतं. फजितीची हौस तिथेच फिटली. पण आता सांगायचं तर लोक विचारतील, आधी का नाही सांगितलं? म्हणून मी आणखी गप्प बसले. पहिल्या गप्प बसण्याला राग होता, दुसऱ्याला फक्त भीती.

विधीनंतर पुन्हा गाणी. दादाच गात होते. शब्द आता शब्द राहिले नव्हते, नुसता सूर होता, आणि सूर मात्र पक्का. कोरस काय म्हणणार? आम्ही सुरावर "हो जी" धरत राहिलो. लोक उठून जेवायच्या बाजूला जायला लागले. पावणेदोनला ते डावीकडे कलले आणि सहादेवच्या ढोलकीवर डोकं टेकून पडले. ढोलकी वाजायची थांबली तेव्हा कल्याणने पहिल्यांदा मान वर केली.

आप्पासाहेबांच्या गाडीत त्यांना घातलं. माझ्या हातात त्यांचा चष्मा आणि चपला होत्या, कुणी दिल्या आठवत नाही. नगरच्या दवाखान्यात पोचायला तीन वाजले. त्यांची मुलगी रश्मी तिथेच बँकेत आहे, ती आमच्याआधी येऊन दारात उभी होती. दादांच्या बायकोला, आक्काबाई वहिनींना, कोल्हारहून आणायला माणूस गेला होता.

मेंदूचा फोटो काढला. साडेतीनला डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, घाईत होते, पण बोलले नीट. "मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे आमच्याकडे. पण ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यात पेशंट पुष्कळ सुधारू शकतो. झटका किती वाजता आला?"

"पावणेदोनला, सायेब," कल्याण म्हणाला. "तवर गातच हुता. सकाळपासून एकटाच गायला, कुणाला बारी दिली न्हाई."

"नक्की? त्याआधी हात, तोंड, बोलणं, सगळं ठीक होतं?"

"व्हय. त्याबिगर का गातंय मानूस?"

रश्मी म्हणाली, "द्या, डॉक्टर. लगेच द्या." तिने कागद ओढून सही केली. नर्स आत वळली.

डॉक्टर जाता जाता थांबले. "वेळ महत्त्वाची आहे म्हणून पुन्हा विचारतो. उशीर झालेला असेल तर याच इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होतो. मग माणूस हाती लागत नाही."

मी भिंतीला टेकून उभी होते. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाच्या बापालाही कळलं नसतं. कदाचित इंजेक्शन लागू पडलं असतं, दादा उठून बसले असते, महिन्याभराने पुन्हा मला पाहुणी म्हणाले असते. आणि कदाचित त्याच खाटेवर मेले असते. लोक म्हणाले असते, वय झालं होतं. माझं नाव कुठेच आलं नसतं. सकाळपासून सहा तास मी हेच तर केलं होतं, गप्प बसून कुठेच न येणं.

"साडेनऊ," मी म्हणाले.

डॉक्टर वळले. "काय?"

"साडेनऊला हात पडला. उजवा. मग तोंडातनं चहा गळला. बोलनं तवापासून बिघडलंय. मी शेजारी हुते."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. सहा तास होऊन गेले होते. त्यांनी आत हाक मारली, "सिस्टर, थांबा. नाही द्यायचं." मग रश्मीला म्हणाले की दुसरी औषधं सुरू करतो, जीव वाचवायचा प्रयत्न करतो, पण हाताची आणि बोलण्याची आशा कमी धरा. ती मान हलवत होती आणि माझ्याकडे बघत होती.

"आत्या," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला आत्या म्हणते. तिच्या पहिल्या स्टेजवरच्या गाण्याला मी तिचा हात धरून उभी होते. "तू साडेनऊला बघितलंस?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

मी काही म्हणायच्या आत कल्याण पुढे आला. चांगला माणूस आहे तो. "रश्मी, तिचा काय दोष न्हाई. आमच्यात नेमच हाय तसा. दुसऱ्याची बारी चालू आसताना मदी बोलत न्हाईत. दादांनीच घालून दिल्याला नेम. मागं ती बोलली तर केवढं झालं, तुला म्हाईतय."

सहादेवनेही मान डोलावली. दोघांनी मिळून मला पळवाट करून दिली होती, चांगली रुंद. रश्मीही तिकडे सरकायला तयार होती, तिच्या डोळ्यांत दिसत होतं ते. बापानेच केलेला नियम बापाला नडला, हे तिला पचवता आलं असतं. मी नुसतं "व्हय" म्हणायचं होतं.

"नेम हुता," मी म्हणाले, "पन मी नेमासाठी गप बसले न्हाई. मला वाटलं, होऊ दे एकदा त्यांची फजिती. मला लई राग हुता त्यांचा. मंग राग गेला तर भ्या वाटलं."

कल्याणने कपाळावर हात मारून घेतला. "आगं, कशाला बोललीस!"

रश्मीने माझ्या हातातला चष्मा घेतला, चपला घेतल्या आणि आत गेली.

दादा वाचले. बाराव्या दिवशी कोल्हारला आले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि मांडवात होता तो सूरही गेला. डॉक्टरांनी आक्काबाई वहिनींना सांगितलं म्हणे, वेळ खरी कळली म्हणून जीव राहिला. पण वस्तीत असं कुणी म्हणत नाही. इंजेक्शन हातात आलेलं आरतीने परत पाठवलं, असंच म्हणतात. नळावरच्या बाया तोंडावर बोलतात, "बोलायचं तवा गप बसली, आन् गप बसायचं तवा बोलली." मी त्यावर भांडत नाही. त्यातलं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मला झोपू देत नाही.

पार्टी मोडली. सहादेव दुसऱ्या पार्टीत वाजवतो. कल्याण अधूनमधून येतो, माझ्या ओट्यावर बसतो, गाण्याचं सोडून सगळं बोलतो. एका जयंतीला मला एकटीला बोलावणं आलं होतं, पट्टी तुमची, गाणी तुमची म्हणाले. मी नाही गेले. काळी एक नसेल तर सुरुवात कुठून करायची, हेही मला ठरवता येईना.

माझी शाळेची वाट दादांच्या दारावरून जाते. दुसरी वाट आहे, पण ती मुद्दाम धरली तर मी आणखीच खाली गेले असं मला वाटेल. बाकीच्या दिवशी दार लोटलेलं असतं. गेल्या रविवारी शाळेत कार्यक्रम होता म्हणून निघाले, तर ते अंगणात खुर्चीत बसले होते, उन्हात, मांडीवर शाल. रश्मी त्यांना चमच्याने पेज भरवत होती. त्यांनी मला बघितलं. ओळखलं, नक्की ओळखलं. तोंड उघडलं आणि आतून आवाज आला, लांबलचक, त्याला शब्द नव्हता. शिवी होती की हाक होती, मला कळलं नाही. मी थांबले. म्हटलं, काय असेल ते ऐकून घेऊ, आज तरी पुरतं ऐकून घेऊ.

रश्मीने वाटी खाली ठेवली. ती उठली, खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि त्यांचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मग तिने पुन्हा वाटी उचलली. आवाज चालूच होता. मी शाळेकडे निघाले.